पुढं सरकणाऱ्या रांगेतली कादंबरी

लेखकाला बसता यावं लागतं. मला तेवढंच येत नाही. बाकी सगळी तयारी मी केली होती. शिरूरच्या कॉलेजच्या ऑफिसातली नोकरी सोडली, खिडकीशी टेबल लावलं, पाठ दुखू नये अशी खुर्ची आणली. त्या खुर्चीत आमचं मांजर छान झोपतं.

मी दोन ओळी लिहायचो आणि उठायचो. पाणी प्यायचो, गच्चीवर जाऊन टाकी बघायचो, परत येऊन त्या दोन ओळी खोडायचो. कादंबरीचं पहिलं प्रकरण दोन वर्षं लिहीत होतो. त्यातल्या म्हातारीला आधी दमा दिला, मग काढून घेतला, मग परत दिला. दुसऱ्या प्रकरणात ती गेलीच नाही. बिचारी जाणार कशी, दम लागायचा.

शेवटी बायको म्हणाली, "हा गळीत हंगाम संपेपर्यंत मी गप्प बसते. तेवढ्यात पुस्तक झालं तर झालं. नाहीतर रांजणगावच्या कंपनीत स्टोअरला जागा आहे. मी बोलून ठेवलंय."

बोलून ठेवलंय म्हटल्यावर माझी झोपच गेली. आता पहाटेही टाकी बघू लागलो.

त्याच आठवड्यात दौंडकडच्या मेहुण्याचा फोन आला. त्याचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला असतो. ड्रायव्हर गावी लग्नाला गेला होता.

"दाजी, घरीच असता ना?"

"मी लिहीत असतो."

"त्येच म्हन्लं मी. मंग या की चार रोज. पाटसच्या कारखान्याला रांगेत बसायचं. फुडची गाडी हालली की आपली हालवायची. दुसरं काय न्हाई."

ट्रॅक्टर मला येतो, पण पुढं न्यायला. रिव्हर्स घ्यायला कधी शिकलो नाही, आणि मागं दोन ट्रॉल्या असल्या की तो भल्याभल्यांना जमत नाही. रांगेत त्याचं काम नव्हतं म्हणून गेलो.

कारखान्याच्या गाडीतळावर ट्रॅक्टरामागं ट्रॅक्टर लागलेले. कुणी ट्रॉलीखाली सावलीत आडवं झालेलं, कुणी डेकवर गाणी लावलेली. ऊस टाकायच्या गव्हाणीत एक गाडी खाली झाली की सगळी रांग एक गाडीभर पुढं सरकायची आणि परत थांबायची. मला उठून जायला ना गच्ची होती ना टाकी. कंटाळून स्टिअरिंगवर पॅड टेकवलं आणि लिहायला लागलो. वाक्य अर्ध्यावर आलं की पुढची गाडी हलायची. पॅड मांडीत टाकून क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, पुढं जायचं, थांबायचं. थांबेपर्यंत उरलेलं अर्धं वाक्य येऊन बसलेलं असायचं. मागची पानं सीटखालच्या पिशवीत, ती काढून खोडत बसायला सवड नव्हती. क्लच-ब्रेकच्या निमित्तानं पायांना उद्योग मिळाला आणि हाताला उसंत. संध्याकाळी म्हातारी दुसऱ्या प्रकरणात होती, आणि दम्याची आठवण ना तिला ना मला.

माझ्यापुढच्या ट्रॅक्टरवर एक वयस्कर ड्रायव्हर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही.

"काय लिव्हताय येवढं? अर्ज का?"

"कादंबरी आहे, मामा."

"कुनाच्या इरोधात?"

मेहुण्याचा ड्रायव्हर परत आला, पण मी काही सीट सोडली नाही. तो आनंदानं ट्रॉलीखाली झोपला. असे दोनेक महिने गेले. कादंबरी शेवटाला आली, हंगामही संपत आला. आणि एका दुपारी माझी म्हातारी, जी आख्खी कादंबरी मुलाशी अबोला धरून होती, ती बोलायला लागली.

ती बोलत होती आणि मी लिहीत होतो. मागून हॉर्न वाजले, ते मला डेकवरच्या गाण्यातले वाटले. मान वर केली तेव्हा पुढं मामांची ट्रॉली नव्हती, नुसती मोकळी वाट होती आणि बाजूनं मागच्या गाड्या हात करत चालल्या होत्या.

"नंबर गेला तुमचा," वॉचमन म्हणाला. "मागं जाऊन लागा."

मागं जायचं म्हणजे रिव्हर्स, दोन ट्रॉल्या वळवायला तिथं जागा नव्हती. ड्रायव्हर नेमका आंघोळीला गेलेला. थांबायला हवं होतं, पण थांबणं माझ्या अंगात असतं तर इथं कशाला आलो असतो? मी रिव्हर्स टाकला. ट्रॅक्टर एकीकडे गेला, पहिली ट्रॉली दुसरीकडे आणि दुसरीचं चाक पाण्याच्या चारीत. आख्खं गाडीतळ बघायला गोळा झालं.

मेहुणा मोटारसायकलवर आला. ऊस आता आणखी एक दिवस उन्हात वाळणार होता. त्यानं चारीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"निदान लिव्हलं तरी का?"

"हो. चांगलं झालंय."

"मंग आता घरी बसून लिवा, दाजी."

शेवटचं एक प्रकरण राहिलं होतं. घरी टेबलाशी बसलो, म्हणजे मांजराला उठवून बसलो. पिशवीतली पानं काढली, सहज म्हणून पहिलं वाचलं आणि म्हातारीचा दमा परत काढून घेतला तर बरं होईल असं वाटायला लागलं. बायको चहा घेऊन आली, तिनं पान क्रमांक पाहिला. बाहेर जाऊन भावाला फोन केला.

"यांना घेऊन जा रे. हे परत पहिल्या पानावर गेलेत."

मेहुण्यानं अट घातली, परत नंबर चुकता कामा नये, आणि ती अमलात आणली मामांनी. त्यांनी एक दावं आणलं. एक टोक आपल्या ट्रॉलीच्या हुकाला बांधलं, दुसरं माझ्या पॅडच्या चिमट्याला.

"आता ऱ्हावा म्हातारीपाशी," म्हणाले.

मामांची गाडी हलली की पॅड माझ्या हातातून उडून बॉनेटवरून पुढं जायचं. कागदासाठी तरी मला त्याच्यामागं जावंच लागायचं. पोरं टाळ्या वाजवायची. शेवटचं प्रकरण मी असं बांधलेल्या जनावरासारखं लिहिलं.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी मामांची गाडी हलली, पॅड गेलं, वाक्य तुटलं. मी मागोमाग गेलो, पॅड उचललं आणि ते अर्धं वाक्य वाचलं. म्हातारी उंबऱ्यातून बाहेर पाऊल टाकत होती. पुढचं लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. तिला जाऊ दिलं.

पुस्तक प्रकाशकांकडे गेलं, त्यांनी ते घेतलं. स्टोअरची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, बायकोनंच आम्हाला नको म्हणून कळवून टाकलं. आता नवी कादंबरी सुरू करायची आहे. टेबल आहे, खुर्ची आहे. सकाळपासून चारदा टाकी बघून आलो. टेबलाखाली पाय आपोआप क्लच दाबतोय.

काल न राहवून मेहुण्याला फोन केला.

"कारखाना कधी सुरू व्हायचाय यंदा?"

"दाजी," तो म्हणाला, "ऊस आजून गुडघ्याएवढा हाय."