चुडामणनानांचं भरीत आणि पेटीतल्या माश्या

देवपूरच्या चुडामणनानांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. कुणी विचारलं नाही तरी ते सांगायचे. एक म्हणजे त्यांच्यासारखं वांग्याचं भरीत पांझरेच्या दोन्ही काठांना कुणाला जमत नाही. दुसरी, एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली, पण त्यांच्या हातची गाडी कधी रस्त्यात बंद पडली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी परसात मधमाश्यांची पेटी आणली आणि तिथे मात्र नाक कापलं गेलं. पहिल्याच हिवाळ्यात सगळ्या माश्या पेटी सोडून निघून गेल्या.

"थंडीनं गेल्या," नाना ज्याला त्याला सांगत.

"तुमनी बडबडले कटाळीसन गयात," भिकुबाई म्हणत. नवऱ्याची फिरकी घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. १९८८ साली नानांनी पुन्हा माश्या बसवल्या, तेव्हा भिकुबाईंनी स्पष्टच बजावलं, यंदाही पेटी रिकामी झाली तर त्यात मी खुडूक कोंबडी बसवीन.

नानांना ते झोंबलं. दसरा उलटला तसे ते कामाला लागले. पेटी उघडून काळं पडलेलं जुनं पोळं कापलं, कोपऱ्यातली मेणकीड खरवडली. मध काढायचं यंत्र धुऊन उन्हात वाळवलं. मधानं भरलेल्या दोन चौकटींना हात लावला नाही, तो माश्यांचा हिवाळ्याचा शिधा. उत्तरेच्या वाऱ्याकडे गोणपाट बांधलं, दार फळीनं अरुंद केलं, मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. ऊन मिळावं म्हणून पेटी रोज वीतभर सरकवली, एकदम हलवली तर माश्या घर चुकतात ना. लेकीच्या बाळंतपणातही नाना इतके राबले नव्हते.

डिसेंबरात कडाका पडला आणि माश्या टिकल्या. नाना रोज सकाळी पेटीला कान लावून गुणगुण ऐकत आणि चहा प्यायला आत येत.

मग आला भरिताचा रविवार. वर्कशॉपातली जुनी मंडळी दर हिवाळ्यात नानांच्या परसात जमत. यंदाही पंधराजण आले. हिरवी लांबट वांगी पसरली, वर कपाशीच्या वाळक्या काड्या रचल्या आणि नानांनी स्वतः काडी लावली. भरीत असंच भाजतात, गॅसवर भाजणाऱ्याला नाना माणसात मोजत नसत. जाळ धडाडला, वारा फिरला आणि कडवट धुराचा लोट सरळ पेटीवर गेला.

क्षणात माश्या भसाभसा बाहेर पडल्या. पेटीच्या तोंडावर त्यांचा झुबका लोंबू लागला.

नाना जागीच उभे राहिले. गेल्या वर्षीचा रविवार त्यांच्या डोळ्यांपुढे आला. हीच जागा, हाच जाळ, आणि सोमवारी पेटी रिकामी. पेटी उघडताना चिमूटभर धूर दिला की माश्या शांत होतात, हे त्यांना पाठ होतं. गाडाभर धुराचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. पाण्याची बादली हाताशी होती, पण पंधरा माणसं टकमक बघत होती आणि जाळात नानांच्या भरिताचं नाव भाजत होतं.

"नाना, वांगी कच्चीच शेतस," शेजारचा उखर्डू म्हणाला.

तेवढ्यात भिकुबाई आतून भरला हंडा घेऊन आल्या आणि सगळा जाळावर उपडा केला.

"वांगा बजारमा भेटतीन," त्या म्हणाल्या. "या माश्या कोठे भेटतीन?"

अर्धीकच्ची वांगी उखर्डूच्या अंगणात नेऊन पुन्हा भाजली. नाना तिकडे फिरकले नाहीत. पेटीसमोर पाट टाकून दुपारभर बसले. एकेक माशी आत शिरत होती. चार वाजता झुबका संपला, तेव्हा नानांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. धूर तर केव्हाच विरला होता.

भिकुबाईंनी ताट तिथेच आणून दिलं. भरीत पाणचट झालं होतं आणि त्याला राखेचा वास येत होता.

"मांगला सालले थंडीच व्हती ना?" त्यांनी विचारलं.

नानांनी घास गिळला. "थंडी नव्हती. मीच व्हतू."

भिकुबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताटात अजून एक पळी भरीत वाढलं, आणि नानांनी ते नाव न ठेवता संपवलं.