उजवीकडची शिवण

दस्तगीरभाई गेल्याचं कार्ड मला कोपरगावात शाळेच्या पत्त्यावर मिळालं. दुःखाचं कार्ड वाचून लगेच फाडावं, अशी आपल्याकडे रीत. मी ते उभ्या उभ्या फाडलं आणि वर्गावर गेलो, मुलांना घनफळ शिकवलं. मधल्या सुट्टीत मात्र तेच तुकडे शोधत बसलो... विषमज्वराने पंधरा दिवसांत माणूस गेला आणि मला ते आजारी असल्याचंही ठाऊक नव्हतं.

नगरला मी पाच वर्षं मास्तरकी केली, तेव्हाची आमची ओळख. कापडबाजारामागच्या बोळात त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. लढाईच्या दिवसांत छावणीतले गोरे सोल्जर चित्रकथांच्या इंग्रजी चोपड्या वाचून रद्दीत टाकत, आणि दस्तगीरभाई त्या हौसेने उचलून आणत. आत सगळा अद्भुत कारभार: चंद्रावर निघालेले अग्निबाण, लोखंडी यंत्रमाणसं, समुद्राखालची शहरं. त्यांना उर्दू उत्तम वाचता यायचं, मराठी अडखळत आणि इंग्रजी अजिबात नाही. म्हणून शनिवारी शाळा सुटली की मी इंग्रजी पेपरातल्या विज्ञानाच्या अजब बातम्या त्यांना मराठीत सांगायचो. आवडलेली बातमी ते कापून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवायचे. मेलेल्या बेडकाचा पाय विजेने हलतो, हे त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं.

"मंग त्यो बेडूक उठला का, मास्तर?"

"उठत नाही हो. नुसता पाय हलतो."

"हात्तिच्या..." म्हणाले आणि पुन्हा खळ लावू लागले. ती बातमी त्यांनी चिकटवली नाही.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. निवडक चित्रकथा त्यांनी एकदा लाल कातड्यात एकत्र बांधल्या. काम फार देखणं होतं, पण शिवण उजवीकडे, उर्दू किताबासारखी! पहिलं पान उघडावं तर समोर गोष्टीचा शेवट. दस्तगीरभाई चित्रांवर उजवीकडून बोट फिरवत सांगू लागले. फुटलेल्या अग्निबाणाचे तुकडे गोळा होतात, आतली मेलेली माणसं उठून बसतात, सगळे पृथ्वीवर परत येतात आणि एक पोरगी दारात बापाचा हात धरते. मी पोट धरून हसलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनाही हसायला लावलं. "अहो, इंग्रजी डावीकडून वाचतात! सगळं उफराटं बांधलंत की!" मी मॅट्रिक झालेला, ते चौथी शिकलेले. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो मी, दुसरं काय! त्यांनी पुस्तक मिटून फळीवर ठेवलं. पुढच्या शनिवारी पुस्तक डावीकडून शिवलेलं होतं.

"आता बराबर हाय नव्हं?" त्यांनी विचारलं. मी परीक्षकाच्या ऐटीत मान हलवली.

गेल्या आठवड्यात नगरला त्यांच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहेत. नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस परपुरुषासमोर यायचं नसतं, म्हणून त्या पडद्याआडून बोलल्या. दिराच्या हाती त्यांनी ते लाल पुस्तक बाहेर पाठवलं. "मास्तरांना द्या म्हनले हुते." मी त्या दिवशीच्या हसण्याची माफी मागितली. भाभी पडद्याआडून म्हणाल्या,

"मास्तर, तीस वरसं छावनीतल्या सायबांची विंग्रजी पुस्तकं बांधली त्यांनी. शिवन कंच्या बाजूला येती, ते त्यांना ठावं न्हवतं व्हय?"

मी हातातल्या पुस्तकाची शिवण चाचपली.

"आमची पोर जुबेदा देवीत गेली. मंग हे पुस्तक बांधलं आन् महिनाभर रोज सांजच्याला उजवीकडनं सांगायचे मला. त्यात मेलेली मानसं उठून घरी येत्यात. लई बरं वाटायचं. तुमाला बी ऐकवायचं म्हनून दुकानात नेलं हुतं... सरळ शिवल्यावर एकदा बी उघडलं न्हाई."

जुबेदाच्या मयतीला मी स्वतः गेलो होतो. कब्रस्तानात दस्तगीरभाईंचा हात माझ्या हातात होता. आणि तरी त्या गोष्टीतली दारातली पोरगी कोण, हे मला ओळखता आलं नाही. याची मला फार लाज वाटते, आणि ती ज्यांना सांगायची, ते आता नाहीत.

पुस्तक माझ्या टेबलावर आहे. पानांच्या उजव्या कडेला जुन्या शिवणीची भोकं अजून तशीच आहेत. काल मी डावीकडचा दोरा उसवला आणि दाभण घेऊन बसलो. बांधणी शिकवा, असं पाच वर्षांत मी त्यांना एकदाही म्हटलं नाही. शिकवण्याचा मक्ता माझा होता ना! दोनच टाके झालेत, तेही वाकडे.