लोन्या बापाला भेटायला गेली

लोन्या द्राबिक आमच्या इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. पूर्ण नाव लेओकादिया, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर. ओपोच्नोच्या फरशी कारखान्यात तिनं एकतीस वर्षं काढली. पट्ट्यावरून येणारी प्रत्येक फरशी बोटाच्या पेरानं ठोकायची आणि आवाजावरून आतली चीर ओळखायची, हे तिचं काम. लग्न केलं नाही. मागण्या आल्या नव्हत्या असं नाही. पण आधी धाकटा भाऊ झेनोन शिकत होता, मग आई अंथरुणाला खिळली, आणि त्यातच वर्षं निघून गेली.

गावात तिला मान होता तो बापामुळे. इग्नात्सी द्राबिक लोहार होता. बेचाळीस साली, हिवाळ्याच्या तोंडावर, जर्मनांची बंदी असताना त्यानं शेजाऱ्याकडे डुक्कर कापलं. कुणीतरी चुगली केली आणि त्याला उचलून पोलंडातून जर्मनीतल्या छळछावणीत नेलं. लोन्या तेव्हा सहा वर्षांची, झेनोन तीनचा. छावणीतून दोन पत्रं आली, दोन्ही जर्मनमध्ये आणि दोन्हींत एकच मजकूर: मी बरा आहे, तब्येत चांगली आहे. तेवढंच लिहायची परवानगी असायची. लढाई संपल्यावर एकानं निरोप आणला की इग्नात्सी सुटकेच्या सुमारास तिथेच गेला. एवढ्याशा गोष्टीवरून आईनं अख्खा माणूस उभा केला. तो म्हणे आपल्या वाटणीचा पाव दुसऱ्याला द्यायचा, आजाऱ्यांना पाठीवर घेऊन हजेरीला न्यायचा. हे तुला कुणी सांगितलं, असं आईला कुणी विचारलं नाही.

चर्चच्या भिंतीत गावच्या हुतात्म्यांची पाटी आहे. त्यात त्याचं नाव तिसरं. मी गावातल्या शाळेत जर्मन शिकवायचो. दर मे महिन्यात आम्ही लोन्याला वर्गावर बोलवायचो. ती इस्त्रीचा निळा ब्लाऊज घालून यायची आणि बापाची गोष्ट सांगायची. मुलं एरवी माझं ऐकत नसत, तिचं ऐकायची.

पंचाण्णव साली छावणीच्या सुटकेला पन्नास वर्षं झाली. आमच्या चर्चचे फादर सेवेरिन यांनी तिथं जायला बस ठरवली. लोन्या माझ्या दारात आली.

"मास्तर, तुम्ही चला. मला जर्मन येत नाही. तिथं काही विचारायचं झालं तर मी काय हातवारे करू?"

"काय विचारणार आहात, लोन्याबाई?"

"तो कुठल्या बराकीत झोपायचा ते. आणि कुठं पुरलाय ते. आईच्या थडग्यावरची माती न्यायची आहे. दोघांची गाठ तरी पडेल."

पहाटे निघालो. बसमध्ये चाळीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. लोन्याशेजारी कुनेगुंदाबाई बसल्या होत्या, तिच्या कारखान्यातल्या जुन्या मैत्रीण. सरहद्द यायच्या आत त्यांनी उकडलेली अंडी काढली.

"खाऊन घे गं. जर्मनांकडे मीठसुद्धा मोजून देतात."

"मला नको."

"बापाला भेटायला चाललीस आणि उपाशी? त्यानं बघितलं तर म्हणेल, माझ्या लेकीला गावानं वाळवली."

लोन्या हसली. अंडं घेतलं. तिला तसं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीवर पोचलो. बाहेर बसगाड्यांची रांग, शाळकरी मुलं कट्ट्यावर बसून डबे खात होती. फाटकातून आत गेलो तर समोर नुसतं मैदान. बराकी केव्हाच पाडलेल्या. जिथं एकेक बराक होती तिथं काळ्या खडीचा चौकोन आणि त्यावर आकडा. मध्ये कापलेलं गवत. लोन्या थोडी चालली आणि थांबली.

"इतकं स्वच्छ ठेवलंय," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, काहीतरी ओळखू येईल."

बाकीची मंडळी फादरांबरोबर प्रार्थनेला गेली. आम्ही दोघं कार्यालयात गेलो. तिथल्या नोंदी सांभाळणारी बाई तरुण होती, लेहनिग आडनावाची. तिनं नाव, जन्मसाल, गाव लिहून घेतलं आणि आत गेली. बराच वेळ आली नाही. लोन्या मातीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

ती बाई एक पातळशी फाइल घेऊन आली, दार लावलं आणि मला जर्मनमध्ये म्हणाली, "ह्या मुलगी आहेत? त्यांना माहीत आहे?"

"काय माहीत आहे?"

तिनं फाइल माझ्याकडे सरकवली. मी वाचलं. इग्नात्सी द्राबिक चौदा महिने नऊ नंबरच्या बराकीचा मुकादम होता. कैद्यांमधूनच नेमलेला, कैद्यांवरच ठेवलेला. त्याला वेगळी खोली होती, दुप्पट सूप होतं, हातात फावड्याचा दांडा होता. सेहेचाळीस साली बराकीतल्या पाच जणांनी त्याच्याविषयी जबाब दिले होते. सुटकेनंतर दुसऱ्याच दिवशी त्याला धोबीखान्यामागे गाठून मारलं होतं. जर्मनांनी नाही. त्याच्याच बराकीतल्या माणसांनी.

"मास्तर, काय म्हणते ती?"

मी तीस वर्षं भाषांतर शिकवलं. त्या क्षणी मला एकच सुचलं.

"म्हणते, बरेचसे कागद जळाले. नऊ नंबरच्या बराकीत होते, एवढंच लिहिलंय."

"मग एवढे कागद कसले?"

"सरकारी आहेत. नेहमीचे."

लोन्यानं हात पुढे केला. मी फाइल मिटत होतो, तर तिनं पानाच्या कडेला बोट घालून उलटवलं. वर जर्मन भाषांतर होतं, पण खाली मूळ जबाब जोडले होते, निळसर कार्बनच्या अक्षरांत.

"हे तर आपल्या भाषेतलं आहे, मास्तर," ती म्हणाली.

तिनं चष्मा लावला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचायला लागली. लेहनिगबाईंनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला. तो तसाच राहिला. रादोम्स्कोचा एक प्राथमिक शिक्षक होता, विन्त्सेंती माझ्गाय. त्यानं एक सलगम चोरला म्हणून जानेवारीत पहाटे इग्नात्सीनं त्याला बराकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात बुडवून धरलं. हे पाचांपैकी तिघांनी सांगितलं होतं. लोन्यानं ते पान दोनदा वाचलं. मग शेवटच्या जबाबावर तिचं बोट अडलं आणि तिनं ती ओळ मला मोठ्यानं वाचून दाखवली, शाळेतल्या पोरीसारखी:

"'आम्हाला मारताना तो म्हणायचा, मला दोन लेकरं आहेत, मला घरी जायचंय.'"

तिनं चष्मा काढला.

"म्हणजे मी आणि झेनोन," ती म्हणाली.

"लोन्याबाई, तिथं कुणावर काय वेळ आली असेल—"

"तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"हो."

"नका सांगू परत."

पिंप कुठं होतं ते तिनं मला लेहनिगबाईंना विचारायला लावलं. नऊ नंबरच्या चौकोनाच्या पश्चिमेच्या टोकाला, असं त्या म्हणाल्या. आम्ही तिथं गेलो. तिथंही खडीच होती. लोन्यानं थैलीतून दिवा काढला, काड्यापेटी काढली आणि काडी हातात धरून उभी राहिली.

"कुणाच्या नावानं लावू?" तिनं मला विचारलं. "त्याच्या नावानं लावला तर त्या मास्तराचं काय? आणि त्या मास्तराच्या नावानं लावायला मी कोण?"

तिनं दिवा परत थैलीत टाकला. मातीची पिशवी उघडलीच नाही.

बसमध्ये कुनेगुंदाबाई वाट बघत होत्या. "काय गं, सापडले का?"

"सापडले," लोन्या म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं.

पोलंडात शिरल्यावर ती माझ्या सीटपाशी आली आणि हळू आवाजात बोलायला लागली. "निरोप घेऊन माणूस आला होता ना, त्या दिवशी आईनं आम्हाला गोठ्यात पाठवलं. आम्ही परत आलो तर तो निघून गेलेला आणि आई जमिनीवर बसलेली. नंतर सत्तर साली तिथं जायला बस निघाली होती, तेव्हा आई म्हणाली, माझे पाय दुखतात. तेव्हा तिचे पाय धड होते, मास्तर. तिला माहीत होतं. सगळं माहीत असून तिनं आम्हाला ते पावाचं सांगितलं."

घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा भावाला सांगितलं. झेनोन तेव्हा तालुक्याच्या कचेरीत बऱ्या हुद्द्यावर होता. त्यांचा आवाज मला खाली ऐकू येत होता.

"जर्मनांनी बनवलेत ते कागद."

"आपल्या माणसांचे जबाब आहेत, झेनोन. सह्या आहेत."

"मग कम्युनिस्टांनी बनवले. तुला काय, कुणीही कागद दाखवावा आणि तू रडावं."

"मी रडले नाही."

"मग रड. बापाची लाज काढायला गेली होतीस का एवढ्या लांब?"

झेनोन निघून गेला. त्यानंतर नाताळच्या जेवणालाही तो तिच्याकडे आला नाही.

ती फादर सेवेरिनकडे गेली आणि पाटीवरून बापाचं नाव काढा म्हणाली. फादर चांगले गृहस्थ होते, पण ते म्हणाले, "लोन्या, दगड फोडून काय होणार? न्याय करणारा वर आहे. आणि लोक विचारतील, त्यांना मी काय सांगू?"

"खरं सांगा."

"तेवढी माझी छाती नाही," फादर म्हणाले. निदान ते खरं बोलले.

मग तिनं माझ्याकडून पत्रं लिहून घेतली. जबाब देणाऱ्या पाचांच्या जुन्या पत्त्यांवर आणि रादोम्स्कोला माझ्गाय कुटुंबाला. क्षमा वगैरे शब्द तिनं घालू दिले नाहीत. 'ज्या मुकादमानं विन्त्सेंती माझ्गाय यांना मारलं त्याची मी मुलगी आहे. तुम्हाला मला काही बोलायचं असेल तर मी येईन आणि ऐकेन,' एवढंच. चार पत्रं परत आली, पत्त्यावर माणूस नाही म्हणून. एक कुठं गेलं ते कळलं नाही. रादोम्स्कोहून सहा आठवड्यांनी उत्तर आलं, त्या शिक्षकाच्या मुलीचं. 'पत्र मिळालं. आई अजून आहे. बाबा तापानं गेले असं तिला माहीत आहे. कृपा करून पुन्हा लिहू नका.'

लोन्या ते पत्र हातात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसली. मी चहा केला.

"मी काय केलं हे, मास्तर?" ती म्हणाली. "त्या पोरीला कदाचित माहीत नव्हतं. आता माहीत झालं."

तिला कुणीतरी शिव्या द्याव्यात, असं तिला वाटत होतं. थोबाडीत मारावी. तेवढं तरी करायला कुणी राहिलं नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात शाळेनं तिला नेहमीप्रमाणे बोलावलं. मी मुख्याध्यापिकेला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. लोन्या निळा ब्लाऊज घालून आली, फळ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या बापानं एका मास्तराला पाण्यात बुडवून मारलं. त्याला आमच्याकडे परत यायचं होतं म्हणून." मुख्याध्यापिकेनं तिचा दंड धरून तिला बाहेर नेलं. मी मागच्या बाकाशेजारी उभा होतो. तिनं जाताना माझ्याकडे पाहिलं. मी म्हणू शकलो असतो की हे खरं आहे, मी वाचलंय. मी मुलांना वह्या उघडायला सांगितल्या.

तेव्हापासून गाव तिच्यापासून तुटलं. बेकरीच्या रांगेत बायका तिला ऐकू जाईल असं बोलायच्या, मेलेल्या बापाची अब्रू घालवणारी कसली ही लेक. कुणी म्हणे, म्हातारपणी डोकं फिरलं बिचारीचं. कुनेगुंदाबाई येत राहिल्या, पण हवापाण्याच्या गोष्टी करून जायच्या. सर्व मृतांच्या सणाला मुलं पाटीखाली दिवे लावायची, तेव्हा लोन्या रस्त्यापलीकडे उभी राहायची. आत कधी जायची नाही.

एकदा जिन्यात तिनं मला थांबवलं.

"लोहारखान्यात तो मला नाल ठोकायला आणलेल्या घोड्यावर बसवायचा. एक हात पाठीला लावून. मी पडू नये म्हणून. मास्तर, ते मी आता आठवू की नको?"

"आठवा," मी म्हणालो.

"आठवत नाही हो. हात आठवायला गेलं की पिंप दिसतं."

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत ती न्यूमोनियानं गेली. दवाखान्यात पाच दिवस होती. झेनोन आला, तोही उशिरा. दफनाचं सगळं त्यानंच केलं, चांगलं केलं. वसंतात थडग्यावर दगड बसला तो बघायला मी गेलो. काळा घोटीव ग्रॅनाइट होता. नावाखाली कोरलं होतं: छावणीतील हुतात्मा इग्नात्सी द्राबिक यांची कन्या.

झेनोन फडक्यानं दगड पुसत होता. मी म्हणालो, "हे तिला चाललं नसतं."

"तुम्ही तिथं तिच्याबरोबर होतात ना, मास्तर?"

"होतो."

"ते कागद वाचलेत?"

"वाचले."

त्यानं फडकं पिळलं, घडी घातली. "मला नातवंडं आहेत," तो म्हणाला. "तुम्ही गावात कुणाला काही सांगितलं नाहीत इतकी वर्षं. आताही सांगू नका."

मी बरं म्हणालो.