मोतीरामदादांच्या ट्रकातला एसी

मोतीरामदादांनी लष्कराच्या लिलावातून जुना ट्रक घेतला, तेव्हापासून त्यांच्या शेतातली शेवंती मखमलाबादहून त्यातच बाजारात जाते. पासष्टी उलटली, ऊन सोसेना, म्हणून यंदा त्यांनी माझ्या गॅरेजात केबिनला एसी बसवून घेतला. छत ताडपत्रीचं होतं. मी पत्रा ठोकला, आतून थर्माकोल लावला, खिडक्यांना न उघडणाऱ्या काचा घातल्या. पंधरा दिवस गेले माझे त्यात.

आठवड्यात दादा परत हजर. "समाधान, गार होत नाय."

गॅस पाहिला, पट्टा पाहिला, सगळं ठीक. माझं डोकं फिरलं. म्हटलं, उद्या मीच येतो सोबत.

गावाबाहेर पडेपर्यंत दादांनी नऊ वेळा ट्रक थांबवला. ओळखीचं माणूस दिसलं की ब्रेक, दार सताड उघडं, रामराम, सुनेची चौकशी, मग पुढे. पूर्वी हे सगळं खिडकीतून चालायचं. ती मीच बंद केली होती.

"दादा, दार उघडू नका ना."

"मग काचेतून रामराम घालू? लोक म्हणतील, एसी आला नि मोतीराम माजला."

मी काच काढून सरकती बसवली.

परवा बसथांब्यावर तोच ट्रक उभा. दार सताड उघडं, आत दादांशेजारी दोन म्हाताऱ्या दाटीवाटीने बसलेल्या.

"बस येईस्तोवर गार होऊ दे त्यांना," दादा म्हणाले. "तू पण ये. सरका जरा, बायांनो."

मी भांडायलाच गेलो होतो. चढलो, आणि दार तेवढं लावून घेतलं.