क्षमा करायला मिरजेहून बंगळूरला

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. मागच्या खेपेला पाळकसाहेबांनी त्याआधी समेटावर उपदेश केला. ज्यांचं आपल्या माणसाशी बिनसलंय त्यांनी मिटवूनच यावं, असं फार कळकळीनं बोलले. आई वाक्यावाक्याला मान डोलावत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "काय सुंदर बोलले! रूथनं ऐकायला हवं होतं."

रूथ म्हणजे माझी मावशी, आईची एकुलती धाकटी बहीण. आजी गेली तेव्हा मावशी बंगळूरहून बसनं निघाली होती, पण इथे तिची वाट न बघता आजीला माती दिली. मावशीला हे हुबळीला फोनवर कळलं आणि ती तिथूनच माघारी फिरली. तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, दोघी बोलत नाहीत. एकमेकींसाठी प्रार्थना मात्र न चुकता करतात आणि ते सगळ्या नातेवाइकांना कळेल याची काळजीही घेतात.

"तिला क्षमा करून येऊ," आईनं जाहीर केलं. मी मावशीला फोन केला, तर ती म्हणाली, "येऊ दे की. मी तिला केव्हाच क्षमा केलीय." क्षमा करायला दोघी तयार, मागायला कुणीच नाही. मी निमूटपणे गाडीच्या चाकांत हवा भरून घेतली.

मिरजेहून थेट रेल्वे आहे, स्वस्तही पडते. तुम्ही तीच धरा. आईला मात्र गाडीच हवी होती, कारण रेल्वे वाटेत मागे वळवता येत नाही. पहाटे निघालात तर निपाणी, बेळगाव, धारवाड करत दुपारी जेवायला दावणगेरे गाठता येतं. रस्ता उत्तम, टोलनाके उदंड. फास्टॅग भरून ठेवा. दावणगेरेला लोणी डोसा चुकवू नका. आईनं दोन खाल्ले आणि म्हणाली, "रूथला असलं काही करता येत नाही." त्याआधी हुबळीच्या बाह्यवळणावर मात्र ती गावाची पाटी मागे जाईपर्यंत मान वळवून बघत राहिली होती. मावशी राहते त्या येलहंकाला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: नकाशा काहीही सांगो, संध्याकाळी शहरात शिरू नका. आम्ही शिरलो. एका सिग्नलवर आईची अख्खी संध्याप्रार्थना आटोपली.

मावशीचे यजमान, आमचे काका, बंगळूरच्या जुन्या मराठी हिंदू घराण्यातले. फाटकातच म्हणाले, "या अक्का, स्वल्प उशीर झाला का? ट्रॅफिक भारी असतो इथं." मावशीनंही आईला "ये अक्का" म्हटलं. आई माझ्या कानात पुटपुटली, "मी ताई आहे." पण आत गेली. बिसी बेळे भात, कोशिंबीर, पापड असा बेत होता. सगळं वाढून झालं आणि मावशी म्हणाली, "अक्का, तू मोठी. तूच प्रार्थना कर."

इथेच चूक झाली. आमच्या लोकांच्यात प्रार्थनेतून भांडता येतं, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. डोळे मिटलेले असतात, मधे कुणी तोंड घालू शकत नाही, आणि ज्याला बोल लावले त्यालाही शेवटी आमेन म्हणावं लागतं. आईनं अन्नाबद्दल आभार मानले आणि सूर बदलला. "हे प्रभू, जे वाटेतूनच माघारी फिरतात आणि पुन्हा आईच्या कबरीकडेही फिरकत नाहीत, त्यांचं कठीण मन तू मऊ कर." आमेन. मावशीचे डोळे मिटलेलेच होते. तिनं पुढे सुरू केलं, "आणि हे दयाळू बापा, ज्यांना सख्ख्या बहिणीसाठी चार-पाच तास थांबता आलं नाही, त्यांनाही तू क्षमा कर. मी तर केलीच आहे." आईनं पुन्हा श्वास घेतला. तेवढ्यात काका मोठ्यानं म्हणाले, "सरी, आमेन!" (सरी म्हणजे कन्नडमधलं 'बरं') आणि पापड मोडला. त्या घरातला सर्वांत समजूतदार ख्रिस्ती माणूस मला त्या क्षणी तेच वाटले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मावशीच्या चर्चमध्ये उपासना कन्नडमध्ये होती, पण चाली ओळखीच्या असल्यानं आई मराठीत गात राहिली. मग प्रभुभोजन आलं. एकेक ओळ उठून पुढे जाऊ लागली. माझ्या पुढच्या बाकावर आई आणि मावशी होत्या. दोघी उठल्या नाहीत. माझ्या आठवणीत आईनं प्रभुभोजन कधी चुकवलेलं नाही, तापातसुद्धा.

"तू का नाही गेलीस?" मावशीनं हळूच विचारलं.

"तुझं अजून मिटलं नाही ना, म्हणून."

"माझं? सरी. बसू मग दोघी."

बसल्या. लोक जाऊन परत आले. मग आई समोर बघतच म्हणाली, "ऊन फार होतं. सगळे घाई करत होते. थांबा, एवढंच म्हणायचं होतं मला. तेवढंही मी म्हणाले नाही. चुकलं माझं, रूथ."

मावशीनं पदर तोंडाला लावला. "माझ्या हातची माती राहिली गं अक्का. बाकी काही नाही."

मला रडू आलं, आणि माझा रुमाल गाडीत होता. बंगळूरबद्दल म्हणाल तर लालबाग नाही, कब्बन पार्क नाही, काही पाहिलं नाही. हवा छान आहे, कॉफी त्याहून छान. परतीच्या वाटेवर आईनं मावशीच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. समेट म्हणजे स्वभाव बदलणं नव्हे, एवढं ज्ञान मी पदरात पाडून घेतलं.

पुढच्याच महिन्यात मावशी मिरजेला यायला निघाली. आजीच्या कबरीवर प्रार्थना ठरली, आणि मावशीची बस अर्थातच उशिरा. कबरस्थानात ऊन तापलं, चार नातेवाईक चुळबुळू लागले, पाळकसाहेबांना पुढे एक लग्न लावायचं होतं. त्यांनी पुस्तक उघडलं. "सुरुवात करूया का?"

"नाही," आई फाटकातूनच ओरडली. "थांबा. माझी बहीण यायचीय."