पणजोबांचा उर्दू कागद
डांबरगोळीचा वास आला की मला कळंबचं इतिहास शिक्षकांचं प्रशिक्षण आठवतं. घरातला जुना कागद आणायला सांगितलं होतं, म्हणून मी डांबरगोळ्या घातलेल्या ट्रंकेतला पणजोबांचा निजामाच्या काळातला उर्दू कागद नेला. शेताचा असेल, असं आम्ही समजत होतो. वाचता कुणालाच येत नव्हता. प्रशिक्षणात माझ्या शेजारी उमरग्याच्या एक बाई बसल्या होत्या, उर्दू शाळेत शिकलेल्या. त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं आणि एकदम म्हणाल्या, "सर, हे शेताचं न्हाय हो! तुमच्या पणजोबांनी गावासाठी शाळा मागितलीय, त्या अर्जाची नक्कल हाय ही." त्याच शाळेत मी वीस वर्षं इतिहास शिकवत होतो! मी ताडकन उठलो आणि भर वर्गातूनच घरी फोन लावला, "आई, आपली शाळा निघाली त्यात!" आता पन्नाशीत मी त्याच बाईंकडून फोनवर उर्दूची अलिफ-बे शिकतोय.