बाबागाडी आणि आईची पाठ

मी तीन वर्षांची होईपर्यंत जमिनीवर फारशी उतरलेच नाही. दिवाळी झाली की आमच्या पाड्यावरची घरं नुसती कडी लावून बंद व्हायची. कुलूप कशाला, आत होतं काय? ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या आणि माणसं एकत्र भरली जायची आणि आम्ही घाट उतरून भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायचो. बाप चिखल तुडवायचा, विटा पाडायचा. आई सुकलेल्या विटा डोक्यावरून वाहायची. मी तिच्या पाठीवर, जुन्या लुगड्याच्या झोळीत. वर विटा, मागे मी, आणि तिने सरळ चालायचं.

भट्टीवर मूल खाली ठेवायचं नाही, हा नियम आईने स्वतःच केला होता. तो तिच्याकडून एकदाच मोडला. तिच्या अंगात ताप होता, म्हणून तिने मला बाभळीच्या सावलीत घडीभर बसवलं. मी चालत गेले ती थेट राखेच्या ढिगात. राख वरून थंड दिसते, आत निखारा असतो. माझ्या डाव्या तळपायावर अजून तीन गुळगुळीत खुणा आहेत. मला त्यातलं काहीच आठवत नाही. आईला सगळं आठवतं. तेव्हापासून जवळपास गर्दी, गाडी, आग, पाणी यातलं काहीही असलं की तिच्या पाठीवर पोर असणारच. माझ्यानंतर माझा भाऊ, मग भावाची पोरं, आणि मग माझी.

पुढे बापाने मला आश्रमशाळेत घातलं. तिथून जव्हारच्या कॉलेजात गेले आणि बी.ए. झाले. आमच्या पाड्यावरची पहिली पदवीधर मी. हे मी मान खाली घालून सांगत नाही. आज जव्हारमध्ये कचेरीत नोकरी आहे, नवरा शिक्षक आहे, मुलगी साडेचार वर्षांची आणि मुलगा दोन वर्षांचा. बाप आता नाही. आई पोशेऱ्याजवळच्या पाड्यावरच राहते. जव्हारला आली की दोन दिवसांत कंटाळते.

मागच्या पावसाळ्यात लावणीत ती वाकली ती सरळ होईना. डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडाला धरून दाखवली आणि म्हणाले, "मणके झिजलेत. आता वजन उचलायचं नाही. नातवंडंसुद्धा नाही." बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "पोर म्हणजे वजन काय गं?"

हिवाळ्यात आमच्या कचेरीतल्या लोकांनी सहकुटुंब सहल काढली. घाटाखाली एक मोठं पार्क आहे. पाळणे, झुकझुक गाडी, पाण्याच्या घसरगुंड्या, सगळं एका आवारात. मी आईचंही नाव घातलं. ती आजवर घाट उतरली होती ती फक्त विटांसाठी. एकदा तरी तिने नुसतं बघायला म्हणून खाली यावं, हे माझ्या डोक्यात बसलं होतं.

नाव घातलं आणि त्या क्षणापासून माझी झोप उडाली. पार्कात गर्दी असणार. दिवसभर चालायचं असणार. दुपारी मुलगा पेंगणार, आणि आई त्याला पाठीला बांधणार. मी नको म्हणेन, ती ऐकणार नाही. संध्याकाळपर्यंत तिच्या पाठीचं काय झालेलं असेल?

म्हणून बाबागाडी. मोबाईलवर मी एकामागून एक व्हिडिओ बघत सुटले. एक बाई सांगायची, पाच वर्षांखालच्या मुलाला गाडी न्याच. दुसरी सांगायची, अजिबात नेऊ नका, प्रत्येक पाळण्यापाशी घडी करून ठेवत बसाल. तिसरीच्या गाडीला तर पंखा होता. पार्कात फोन लावला तर माणूस म्हणाला, "मॅडम, गाड्या भाड्याने मिळतात, पण सकाळीच संपतात." आमची बस जव्हारहून निघून पोचणार कधी? म्हणजे तेही गेलं.

नवरा वह्या तपासत होता. मी चौथ्यांदा तोच विषय काढला तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं.

"अगं, आपली पोरं सुट्टीत पाड्यावरून सडकेपर्यंत चालत जातात. पार्कात तर फरशी आहे."

"पोरांचं कोण बोलतंय? आईचं काय?"

"मग त्यांना सरळ सांग."

"सरळ सांगितलं तर ती येणारच नाही. म्हणेल, मी तुम्हाला ओझं."

त्याने पेन परत उचललं. त्यालाही माझी आई माहीत आहे.

खरं सांगायचं तर माझ्या मनात आणखी एक किडा होता. पोरांना चाकांवर बसवून ढकलणारी बाई झाले, हे मला मिरवायचं तर नाही ना? मिरवायचं असेलही थोडं. माझ्या आईच्या पाठीला जे जमलं ते मी विकत किंवा मागून आणलेल्या गाडीवर टाकणार होते. कधी ते बरोबर वाटायचं, कधी लाज वाटायची, आणि दोन्ही एक भांडं घासून होईपर्यंत.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण नाशिकची. ती म्हणाली, "माझ्या पोराची गाडी माळ्यावर पडून आहे, ने की. पण फरशीवरची आहे हं, चाकं नाजूक आहेत. आणि साडेचार वर्षांच्या घोडीला बसवू नकोस तिच्यात, लोक हसतील."

शनिवारी मी ती गाडी जीपच्या टपावर बांधून पाड्यावर नेली. आईला आणि मुलाला सवय व्हावी एवढाच हेतू. शेजारच्या काकी अंगणात नागली पाखडत होत्या. गाडी बघून त्यांनी सूप थांबवलं. "साहेबीणबाय, तुझ्या पोरांना पाय नाय का दिलं देवानं?" आजूबाजूच्या सगळ्या बायका हसल्या. आईही हसली. मुलगा गाडीत बसला, खडकाळ वाटेवर दोन धक्के बसले आणि तो उतरून आजीच्या मांडीला जाऊन चिकटला.

रविवारी सकाळी मी पोरांना अंघोळ घालत होते. बाहेर आले तर गाडी नाही. आईही नाही. मी अंगणातून ओहळापर्यंत धावत जाऊन आले. बऱ्याच वेळाने सडकेच्या बाजूने आई आली, गाडी ढकलत. गाडीत नागलीच्या पिठाची पिशवी, वर पट्टा नीट लावलेला. ती पोशेऱ्याला गिरणीवर जाऊन आली होती. पुढचं डावं चाक फेंगडं झालं होतं, आणि गाडीभर पीठ सांडलं होतं.

"गाडी चांगली हाय, बाय," ती घाम पुसत म्हणाली. "पोरांच्या कामाची नाय. पिठाच्या कामाची हाय."

माझा तोल गेला. "आये, ती माझी नाही, लोकांची आहे! मागून आणलीय मी! आता काय तोंड दाखवू?"

आईने शांतपणे पट्टा सोडला, पिशवी ओढत उंबऱ्यापाशी नेली आणि मग माझ्याकडे वळली. "वजन नको उचलू म्हणतेस. गाडीत घातलं तर वरडतेस. मंग मी करू काय, ते एकदा सांग."

दर आठवड्याला ती ही पिशवी डोक्यावर नेते. माझ्या आईने पहिल्यांदाच डॉक्टरांचं ऐकलं होतं, आणि मी पाड्यासमोर तिच्यावर ओरडले होते.

जव्हारला सायकलवाल्याने चाकाला बोल्ट घालून दिला. म्हणाला, "चालेल, पण डावीकडे ओढणार." मैत्रिणीला मी खरं ते सांगून टाकलं. तिने वाकून गाडीचा वास घेतला. "अय्या, भाकरीचा वास येतोय गं!" आणि ती हसायलाच लागली. मग म्हणाली, "राहू दे तुझ्याकडेच." तरी सहलीच्या आदल्या दिवसापर्यंत माझं ठरेना. न्यावी तर वाकडं चाक. न नेली तर आईची पाठ. तीनदा गाडी दारात ठेवली, तीनदा आत घेतली. शेवटी नवऱ्यानेच ती उचलून बसच्या डिकीत टाकली.

बसमध्ये आईच्या मांडीवर कापडी पिशवी होती. आत घडी केलेलं जुनं लुगडं दिसलं.

"हे कशाला, आये?"

"पोरां झोपली तं अंथराया."

तिने खिडकीकडे तोंड केलं. ते लुगडं कशाला आहे हे दोघींनाही ठाऊक होतं.

पार्कात पाऊल टाकलं आणि मला वाटलं होतं तेच झालं. लोकच लोक, गाणी, शिट्ट्या. मुलाला गाडीत बसवायला गेले तर तो लाकडासारखा ताठ झाला. नवऱ्याने त्याला कडेवर घेतलं आणि मी रिकामी गाडी ढकलत निघाले. ती सारखी डावीकडे जायची. एकदा फुलांच्या वाफ्यात, एकदा एका गृहस्थांच्या पायावर. माझं लक्ष पाळण्यांकडे नव्हतंच. आईची पिशवी उघडतेय का, एवढंच मी बघत होते.

वाटेत अस्वलाचं मोठं डोकं घातलेला एक माणूस पोरांपुढे नाचत आला. आई थांबली. आमच्याकडे बोहाड्यात मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवतात, आणि ती लहानपणापासून बघत आलीय. तिने अस्वलाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सोंग बरं हाय. पण पाय नाय उचलत. आपल्याकडं असं नाचला असता तं लोकांनी घरी धाडला असता." नवरा एवढा हसला की मुलगा त्याच्या कडेवर हिंदकळला.

दुपारपर्यंत नवऱ्याचा हात भरून आला. त्याने मुलाला खाली ठेवलं आणि पाणी आणायला गेला. मुलगा रडत गर्दीत दोन पावलं पुढे गेला. आईने त्याचा दंड पकडला आणि दुसऱ्या हाताने पिशवीतून लुगडं ओढलं.

"आये, नको."

"गर्दी बघ केवढी."

"मी धरते ना त्याला."

"तुझ्या हातात मोबाईल हाय." मग ती माझ्या चपलेकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "तुझा पाय बघ नि मग मना शिकव."

मी मोबाईल पर्समध्ये टाकला. आई वाकायला लागली, आणि वाकताना तिचा हात कमरेवर गेला.

तेवढ्यात माझी साडेचार वर्षांची मुलगी, जिला बसवलं तर लोक हसतील ती, भर रस्त्यात फरशीवर बसली. सकाळपासून सगळ्यांच्या पुढे पळत होती. म्हणाली, "आई, माझे पाय संपले."

मी तिला उचलून गाडीत घातलं. पाय बाहेर लोंबत होते. पट्टा लावेपर्यंत तिची मान एका बाजूला पडली. मी एका हातात मुलगा धरून दुसऱ्या हाताने गाडी ढकलली, आणि गाडी पुन्हा वाफ्याकडे निघाली.

"अगं, पोरीला पाडशील!" आईने झोळीसाठी काढलेलं लुगडं खांद्यावर टाकलं आणि माझ्या हातातून दांडा घेतला. "सोड. तुला नाय येत. उजवीकडं दाबून धराय लागतं. मी नाय का नेली गिरणीवर?"

तिने उजवा तळवा दाबला, आणि गाडी सरळ चालू लागली. ती गर्दीतून वाट काढत निघाली, "सरका, सरका, पोर झोपलंय," म्हणत. तिचे दोन्ही हात दांड्यावर होते, त्यामुळे मुलाला बांधायला हातच उरला नव्हता. तिने त्याला दरडावलं, "गाडीला धर. सोडायचं नाय." माझं एक न ऐकणाऱ्या मुलाने निमूट गाडीची नळी पकडली. त्याचा दुसरा हात मी धरला, पक्का. ऊन मुलीच्या तोंडावर यायला लागलं तेव्हा आईने खांद्यावरचं लुगडं काढलं आणि गाडीवर सावलीसाठी पसरलं.

नवरा पाण्याच्या बाटल्या घेऊन परत आला आणि बघत राहिला. मी त्याला खुणेने सांगितलं, काही बोलू नकोस.

झुकझुक गाडी, मग आरशांचं घर, मग परत अस्वलापाशी. दांड्यावर भार टाकून आई चालली, आणि मी मागून तिची पाठ बघत चालले. लावणीनंतर ती एवढी सरळ दिसली नव्हती. तरी माझं मन जाग्यावर येईना. आता मुलगी उठेल, आता मुलगा रडेल, आता ते लुगडं परत हातात येईल, असं मला बस दिसेपर्यंत वाटत राहिलं.

परत येताना बस घाट चढू लागली तेव्हा मैत्रिणीने पुढच्या सीटवरून मान वळवली. "मग? लागली का गाडी?"

"धाकट्याला नाही लागली," मी म्हणाले. "थोरलीला लागली."

आई माझ्या शेजारीच होती. "मना लागली," ती म्हणाली. "गिरणीसाठी ठेवते आता."

त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या आईने पाठीवर कुणालाही घेतलं नाही.